बसवणाऱ्याची बाजू

मराठी माणसाला बसवण्याचा भारी शौक. तो भाद्रपदात गणपती बसवतो, आश्विनात घट बसवतो, गॅदरिंगला नाटक बसवतो, कवितेला चाल बसवतो आणि नोकरीत जम बसवतो. लग्नानंतर त्याचीच घडी बसवण्यात येते, तो भाग निराळा. यांपैकी नाटक बसवणाऱ्याला आपण दिग्दर्शक म्हणतो, त्याचे नाव जाहिरातीत घालतो. चाल बसवणाऱ्याला संगीतकार म्हणतो, त्याला शाल देतो, नारळ देतो. पण घरी नळ बसवायला माणूस आला, पंखा बसवायला आला, कुलूप बसवायला आला, की आपला सूर एकदम बदलतो. "अहो, दीडशे रुपये कसले? नुसता बसवायचा तर आहे!"

माझे भांडण आहे ते या 'नुसता' शब्दाशी. हा शब्द मराठी मध्यमवर्गाने फार वर्षे वापरला, आणि तो आता मोडीत काढावा अशी माझी जाहीर मागणी आहे. सोनाराची असते ती घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, चक्कीवाल्याची दळणावळ. आमच्या जिल्ह्यात खामगाव हे चांदीचे गाव. तिथल्या सराफकट्ट्यावर घडणावळीवरून घासाघीस होते, नाही असे नाही. पण घडणावळ नावाची काही वस्तू असते हे तरी मान्य असते. 'बसवणावळ' हा शब्द तुम्ही कधी ऐकलाय? मी नाही ऐकला. ज्या कामाच्या मोबदल्याला भाषेने शब्दसुद्धा दिला नाही, ते काम करणाऱ्याला समाज काय देणार! फार तर चहा. तोही कान तुटलेल्या कपातून.

ही अक्कल मला उपजत नव्हती. ती एका बर्नरने दिली. बर्नर म्हणजे शेगडीचा नव्हे, लोहाराच्या गॅसभट्टीचा.

त्याचे असे झाले. बुलढाण्यात आमच्या घरामागे थोडी बाग आहे. बाग म्हणजे चार झाडे, दोन वेली आणि बाकी गवत. गवत म्हटले की खुरपे आले, आणि खुरपे म्हटले की लोहार आला. गावाबाहेरच्या रस्त्याला ज्यांचा ठिय्या आहे त्या लोहारदादांकडे मी वीस-बावीस वर्षे खुरपी, विळे, कुऱ्हाडी धार लावायला नेतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ते असे विळे काढतात की वापरणारा म्हातारा होईल, विळा होणार नाही. दोन वर्षांपूर्वी गेलो तर भट्टी थंड. म्हणाले, "आता नाई जमत सायेब. घरवाली पंखा फिरवे, तिचे खांदे गेले. पोरगं फॅब्रिकेशनवाल्याकडे रोजानं जाते. कोयसा महाग, अन् त्याचा धूर छातीत बसते." या क्षेत्रात विनाशुल्क बसतो तो एवढाच, धूर.

मी घरी आलो आणि मोबाइलवर शोधू लागलो. अहो, तिकडे अमेरिकेत ढीगभर लोक घरामागच्या गॅरेजात प्रोपेन गॅसची भट्टी करून त्यावर सुऱ्या घडवताहेत! त्यातले कोणी दाताचे डॉक्टर, कोणी शाळामास्तर. लोखंडाचा एक दंडगोल, त्याला आतून उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या सिरॅमिकच्या पट्टीचे अस्तर, वर एक बर्नर. कोळसा नाही, राख नाही, पंखा फिरवणे नाही. दहा मिनिटांत लोखंड पिवळे. मी ठरवले, दादांना ही भट्टी करून द्यायची. आपल्याकडे स्वयंपाकाच्या टाकीत असतो तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचा मेळ, त्यावरही ती चालते.

आता अशा वेळी प्रत्येक कुटुंबात एक इंजिनियर असतोच. आमच्याकडे मेहुणे आहेत. पुण्याला असतात. एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले. पण कारखाना त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. त्यांनी फोनवर बर्नरचे शास्त्र मला समजावले आणि ते उत्तमच समजावले, हे आधी कबूल करतो. ते असे. गॅसचा एक भाग नीट जळायला हवेचे पंचवीस-तीस भाग लागतात. म्हणजे एक नवरदेव आणि पंचवीस वऱ्हाडी. गॅस एका बारीक छिद्रातून जोरात सुटतो आणि जाता जाता भोवतालच्या हवेला आपल्यामागे ओढून नळीत नेतो. नळीत सगळी मंडळी एकमेकांत मिसळली पाहिजेत, तेव्हाच टोकाला निळी, आवाज करणारी ज्योत मिळते. वऱ्हाडी कमी पडले तर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. जास्त झाले तर लोखंडावर खवले धरतात. छिद्र नळीच्या बरोबर मधोमध हवे. तिरके झाले तर नवरदेव मांडवाऐवजी भिंतीवर.

मी यादी केली. पाऊण इंची पाइप, वीतभर लांब. त्याच्या डोक्यावर सव्वा इंचाचा पाऊण इंच करणारा रिड्यूसर, म्हणजे हवेचे नरसाळे. छिद्रासाठी मिग वेल्डिंगच्या टॉर्चची तांब्याची टिप; तिचे भोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. हार्डवेअरच्या दुकानात हे सारे मागितल्यावर मालकाने विचारले, "किती हॉर्सपॉवरची मोटार हाये?" मी म्हणालो, "मोटार नाही, भट्टी आहे." त्याने हळूच दारूबंदीच्या बाजूने चार शब्द सांगितले. भट्टी या शब्दाचीही आपल्याकडे एक घडी बसलेली आहे.

दंडगोलासाठी बोअरच्या आठ इंची लोखंडी केसिंगचा दीड फूट तुकडा मिळाला. आमच्याकडे पाणी न लागलेल्या बोअरींची वाण नाही. आत दोन पदर अस्तर घातल्यावर चार इंचांची पोकळी उरली. एवढ्या पोकळीला एक बर्नर पुरतो. अस्तराचे तंतू फुप्फुसात जाणे वाईट, म्हणून तोंडाला मास्क बांधून बसवले आणि वरून उष्णता सोसणाऱ्या सिमेंटचा लेप दिला. बर्नर तयार झाला तेव्हा अंगणात उघड्यावर पेटवून पाहिला. काय सांगू महाराज! निळी, धारदार ज्योत, विमानासारखा आवाज. मेहुण्यांना व्हिडिओवर दाखवले. ते म्हणाले, "परफेक्ट! भाऊजी, डिझाइन संपलं. आता नुसता बसवून घ्या कुणाकडून तरी."

वाक्य नीट ऐका. "नुसता." आणि "कुणाकडून तरी."

मीही त्याच पंथाचा. वेल्डिंगवाल्याला बोलावले, भट्टीच्या पाठीवर मधोमध भोक पाडले, बर्नर सरळ उभा आत घातला, चांगला इंचभर आत गेला पाहिजे म्हणजे धग वाया जाणार नाही असे माझे मध्यमवर्गीय काटकसरी डोके सांगत होते, आणि सगळीकडून पक्के वेल्डिंग मारून घेतले. नारळ फोडला. पेटवले. पहिली पाच मिनिटे झकास. मग बर्नरचे आतले टोक लालबुंद झाले आणि त्याला खोकला लागला. फट्. फट्-फट्. गॅस आतल्या आत, नळीतच पेटू लागला, आणि हवा घ्यायच्या तोंडातून ज्योत बाहेर डोकावू लागली. आत ठेवलेली सळई मधोमध, जिथे जाळ थेट पडत होता तिथे, खवले धरून पोपडे सोडत होती आणि दोन्ही टोकांना काळीच्या काळी. पाइप जस्ताचा होता, म्हणून वर पांढरा धूर. आमच्या ही खिडकीतून म्हणाल्या, "अहो, लोणार करायचं आहे का परसात?" लोणारला आकाशातून जो दगड आला तोही कुणी नीट न बसवताच आलेला, आणि १.८ किलोमीटर व्यासाचे विवर करून गेला. उपमा अगदीच चुकीची नव्हती.

मेहुण्यांना फोन केला. त्यांचे उत्तर फार सुंदर होते. "बर्नरमध्ये काही चूक नाही. फिटिंगचा दोष असणार." म्हणजे जमले तर डिझाइन, फसले तर फिटिंग! नवीन पुलाचे उद्घाटन होते तेव्हा व्यासपीठावर कोण असतात आणि पुलाला भेग पडली की कोणाला शोधायला जातात, हे आठवून पाहा.

शेवटी दादांना बोलावले. खरे तर भट्टी त्यांच्याचसाठी, आणि त्यांना सगळ्यांत शेवटी बोलावले. हे लिहितानाही मला बरे वाटत नाही. दादा आले, उकिडवे बसले, भट्टीच्या तोंडातून आत पाहिले, पाइपचा वास घेतला. पहिले वाक्य, "हा पांढरा धूर वंगाय. ताप येते यानं. काया पाइप आना." हे खरे आहे. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, आणि हे मला पुस्तकाने नव्हे, ज्याला तो ताप एकदा आलेला होता त्या माणसाने सांगितले. दुसरे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. "वारा लोखंडाले लावाचा नसते सायेब, कोयशाले लावाचा असते. लोखंडाले धग पाह्यजे, वारा नाई."

यात पुण्याची सगळी वही मावत होती. लोहार भात्याचे तोंड कधीही लोखंडावर रोखत नाही. वारा थेट लागला की तापलेले लोखंड जळते, खवले होऊन झडते. वारा खालून वा बाजूने निखाऱ्याला द्यायचा, निखाऱ्याने भट्टी तापवायची, आणि भट्टीने लोखंड. गॅसच्या भट्टीतही तेच. ज्योत मालावर मारायची नाही. ती भिंतीला चाटून आत गोल फिरली पाहिजे, म्हणजे सगळी पोकळी सारखी तापते आणि तिच्या धगीत लोखंड. दादांनी आयुष्यात गॅसची भट्टी पाहिली नव्हती. पण आग कुणी कुठून फुंकली आहे यावर आग काय करते, हे ते पन्नास वर्षे पाहत होते.

मग त्यांनी बसवले. माझे वेल्डिंग तोडून काढले (वेल्डिंगवाल्याचे, पण त्याला सांगणारा मी, म्हणून माझेच). भोक पाठीवर मधोमध न पाडता एका कुशीला पाडले, अशा तिरक्या रोखाने की ज्योत आतल्या गोलाईला स्पर्श करून वळावी. त्या भोकावर दीड इंची पाइपचा चार इंची तुकडा जोडला आणि बर्नर सरळ भट्टीला न जोडता या तुकड्यात सैल ठेवला, पुढे तीन बोल्ट, मागे तीन बोल्ट. हे सहा बोल्ट आवळले-सोडले की बर्नर आत-बाहेर, वर-खाली, डावा-उजवा हवा तसा वळतो. "पक्कं करू नोका. जे पक्कं केलं ते चुकलं तं चुकलंच." हे त्यांनी बोल्टांबद्दल सांगितले होते. मी मात्र माझ्या घरातल्या काही निर्णयांचा विचार करत बसलो.

बर्नरचे टोक त्यांनी आतल्या पृष्ठभागाच्या अर्धा इंच मागेच ठेवले, अस्तराच्या भोकात लपवून. म्हणजे ज्योत आत, टोक बाहेर. टोक तापेना, खोकला थांबला. मी इंचभर आत घालून जी काटकसर साधत होतो, ती बाहेर ओढून साधली. शिवाय बर्नर उभा वरून असला की गॅस बंद केल्यावर आतली धग नळीच्या धुराड्यातून वर चढते आणि रबरी नळीपर्यंत पोचते; म्हणून हवेच्या तोंडावर पत्र्याचे झाकण केले. काम संपले की झाकण लावायचे. हे त्यांना कोणी शिकवले? "भात्याचं तोंड नाई का, काम झालं का बाजूले करा लागते. नाई तं आग भात्यात येते." चामड्याच्या भात्याचा धडा त्यांनी गॅसला लावला.

आणि टाकी! इथे माझी एक कबुली. मी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली १४.२ किलोची टाकी आणि तिचाच रेग्युलेटर लावणार होतो. एक तर तो रेग्युलेटर गॅस सोडतो जेमतेम तीस मिलिबार दाबाने, पोळ्या फुगण्यापुरता. भट्टीला लागतो त्याच्या दहा ते तीस पट. दुसरे म्हणजे घरगुती टाकी स्वयंपाकाखेरीज वापरणे हा नियमभंग आहे. तिसरे म्हणजे आमच्या ही. तीन कारणांपैकी कुठल्या कारणाने मी माघार घेतली ते सांगत नाही. व्यापारी वापराची १९ किलोची टाकी, वाढत्या दाबाचा रेग्युलेटर, दाबाला टिकणारी नळी, जोडांना साबणाचा फेस लावून गळती पाहणे, टाकी भट्टीपासून लांब आणि उघड्यावर. कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर उडून जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा साठून राहतो. खोलीत भट्टी पेटवायची नाही. धूर दिसत नाही म्हणून विषही नाही असे नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. हे सगळे 'नुसतं बसवणं' या सदरात मोडते, बरे का! डिझाइनच्या कागदावर यातली एक ओळ नव्हती.

तुम्ही म्हणाल, एका लोहाराच्या कौतुकापायी एवढा गळा कशाला? तर माझी तक्रार जुनी आहे, आणि एकट्या पुण्यावर नाही. शाळेत आपण सगळ्यांनी प्रयोगशाळेत बन्सनचा बर्नर पाहिला. हवेचे तोंड उघडले की ज्योत निळी, मिटले की पिवळी. माझ्या भट्टीचा बर्नर त्याचाच थोरला नातेवाईक. तो बर्नर १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गच्या विद्यापीठात जन्माला आला. ज्योतीत गॅस आणि हवा आधीच मिसळावी ही कल्पना प्राध्यापक बन्सन यांची. पण कल्पनेवर काही दूध उकळत नाही. ती प्रत्यक्ष पितळेत उतरवून, छिद्रे कुठे पाडायची, नळी किती ठेवायची हे बसवून दिले ते विद्यापीठाचे यंत्रकारागीर पेटर देसागा यांनी. आज जगातल्या शाळकरी पोरांना बन्सन पाठ आहे. देसागा परीक्षेला येत नाही. बन्सन थोरच होता, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण पुस्तकात अर्धी ओळ द्यायला कागद महागला होता काय?

इतके लांब तरी कशाला जायचे? नागपूर जिल्ह्यात नायकुंडला १९७८ ते १९८० या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले, तेव्हा अडीच हजार वर्षांहून जुनी, लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली. तिच्यात वारा सोडायच्या मातीच्या नळ्याही मिळाल्या. आता ती मातीची नळी भट्टीच्या कुशीला कोणत्या रोखाने बसवायची, किती आत, किती बाहेर, हा प्रश्न त्या अनामिक विदर्भवासीयापुढे पडला असणार तोच माझ्या परसात दादांपुढे पडला. त्याला कोणी "नुसती नळी बसवायची तर आहे" म्हणाले असेल का? असेल. त्याचाही एखादा मेहुणा असेल.

दुसरी तक्रार आहे ती आमच्या शेजाऱ्यांविषयी. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी कुंपणावरून भट्टी पाहिली आणि व्याकुळ झाले. "अरेरे, भाता गेला! ठिणग्या गेल्या! ग्रामसंस्कृतीचा आत्मा गेला!" त्यांच्या डोळ्यांसमोर १९६५ चा 'साधी माणसं' हा चित्रपट होता, त्यातले लोहाराचे जोडपे होते, ऐरणीवरचे ते गाणे होते. गाणे मलाही आवडते. पण प्राध्यापकसाहेब, तो चित्रपट आपण खुर्चीत बसून पाहिला. रस्त्याच्या कडेला पाल टाकणाऱ्या घिसाड्यांची बाई ऐन उन्हात घण मारते तेव्हा पार्श्वसंगीत नसते. दादांचा चामड्याचा भाताही जाऊन कितीतरी वर्षे झाली. त्याच्या जागी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आला होता. हा बदल प्राध्यापकांच्या लक्षातच आला नव्हता, कारण विळा पाजवायला ते कधी गेले नव्हते. ज्यांचा भाता कधी ओढला नाही त्यांनीच भात्यासाठी रडावे, ही आपली थोर परंपरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हाही लोखंडाने जमीन विषारी होते असे सांगणारे भेटलेच होते. त्या शेतकऱ्यांचे मी समजू शकतो. जमीन त्यांची होती. प्राध्यापकांचे काय जात होते?

मात्र उलट टोकाला जाऊन गॅसचा झेंडाही मी नाचवणार नाही. व्यापारी टाकी स्वस्त नसते. सलग काम असेल तर परवडते. दिवसाला एक विळा पाजवायला भट्टी तापवली तर नफा गॅसवाल्याचा. आणि वखराची पास? चांगली लांब, वाकडी वस्तू. ती माझ्या चार इंची तोंडात शिरायला तयार नव्हती. दादांनी भट्टीच्या मागच्या बाजूलाही तोंड पाडले, त्याला भट्टीच्या विटेचे दार केले, तेव्हा पास आरपार घालून तुकड्यातुकड्याने तापवता येऊ लागली. नांगराचा फाळ मात्र अजून कोळशावरच करतात. त्यांनी कोळशाची भट्टी मोडली नाही, हे मला आवडले. कोणती आग कोणत्या लोखंडाला, हे ठरवायला मी कोण? २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहाराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. चांगली गोष्ट. अवजार मिळेल. ते दादांच्या खोपटात, त्यांच्या उंचीला, त्यांच्या दुखऱ्या खांद्याला जमेल असे बसवणार कोण, याचा रकाना मी फॉर्मात पाहिलेला नाही.

भट्टी सुरू झाली. पहिल्या दिवशी दादांची घरवाली लांब बाजेवर बसून होती. पंखा फिरवायचा नाही म्हटल्यावर तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. थोड्या वेळाने ती उठली, आत डोकावून रंग पाहिला आणि म्हणाली, "अजून थांबा. पिवयं होऊ द्या." दादा थांबले. त्या दोघांत खरा मिस्त्री कोण हे मला तेव्हा कळले. चाळीस वर्षे पंखा फिरवणाऱ्या बाईला लोखंडाचा रंग पाठ असणारच, पण ते तिला कधी कुणी विचारले नव्हते. मीही नाही.

आमच्या नातेवाइकांत मात्र या भट्टीचे नाव 'मेहुण्यांची भट्टी' असेच पडले. दिवाळीला मेहुणे आले, फोटो काढून गेले.

हिशोबाचा दिवस आला. मी दादांना विचारले, "बसवण्याचे किती द्यायचे?" ते हसले आणि म्हणाले, "त्याचे काय पैसे घेता सायेब? नुसतं बसवाचं तं होतं."

मी त्या ओट्यावर मटकन बसलो. ज्या शब्दाविरुद्ध मी एवढे हत्यार परजत होतो, तो शब्द खुद्द बसवणाऱ्याच्याच तोंडात! आपण पिढ्यान् पिढ्या तो इतक्या वेळा ऐकवला की त्यांनाही तो खरा वाटू लागला. मी कागद घेतला आणि बिल मीच लिहिले. बर्नर बनवणे, सामानासह ६५० रुपये. बर्नर बसवणे, १,५०० रुपये. दादांनी कागद हातात घेतला, अंकांवरून अंगठा फिरवला, आणि घासाघीस सुरू केली. उलटी! मी पंधराशे म्हणतो, ते पाचशे म्हणतात. मी बाराशेवर आलो, ते सहाशेवर चढले. रस्त्याने जाणारे दोघे थांबून पाहू लागले. शेवटी हजारावर तोडले. मेहुण्यांना फोनवर आकडा कळला तेव्हा त्यांना ठसका लागला. "बनवण्यापेक्षा बसवण्याचे जास्त? भाऊजी, तुम्ही मार्केट बिघडवताय!" मी म्हणालो, हो, तोच इरादा आहे.

चार दिवसांनी दादांचा मुलगा रोजावरून येताना घरी आला. नव्या भट्टीतले पहिले खुरपे त्यांनी पाठवले होते, पाणी पाजलेले, निळसर झाक असलेले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, "मूठ तेवढी बसवाची राह्यली. बाबा म्हनत होते, घेऊन ये, संध्याकायी बसवून देतो."

मी म्हणालो, कशाला त्यांना त्रास? खुरपे माझ्याकडेच ठेव. मूठ काय, नुसती बसवायची आहे.

आज चौथा दिवस. दोन मुठी चिरल्या. तिसरीचे भोक तिरके पडले. ही विचारताहेत, अंगठ्याला पट्टी मी बांधू की कुणाकडून तरी बांधून घेताय?